उजव्या वेढ्याचं नवं

"ओ तारीऽऽ!"

खाडीपलीकडून हाक आली आणि आमच्या घरातलं कुणी हललं नाही. आई चुलीपुढे होती, ती तशीच बसून राहिली. बाबा ओसरीवर खांबाला पाठ लावून बसले होते, त्यांनी नुसती मान वर केली. आजी आतल्या खोलीत, कोपऱ्यात, घोंगडीवर. हाक दुसऱ्यांदा आली. लांबवलेली, शेवटी वर चढणारी.

त्या हाकेचं उत्तर आमच्या घरातून एकच माणूस देत असे. माझा आजो, म्हणजे बाबांचे वडील. आजो जेवत असला तरी तोंडातला घास गालात सारायचा आणि "इलोऽऽ" म्हणायचा. आवाज असा की पलीकडचे बगळे उडायचे. मग हात धुऊन, वल्हं खांद्यावर टाकून तो उताराने निघायचा. आमची तर होती, म्हणजे माणसांना खाडी पार करून देणारी होडी, आणि आम्ही ती चालवणारे तारी. या काठावर आमची तारींची वाडी, त्या काठावर कुंभारवाडी आणि पुढे बाजाराचा रस्ता. मधली खाडी आजोने चाळीस वर्षं माणसांना पार करून दिली.

त्या दिवशी आजोला जाऊन पाचवा दिवस होता. आणि त्याच दिवशी नव्याची पुनव होती.

बाबा उठले, वल्हं घेतलं आणि न बोलता खाली गेले. दोन दिवस तेच होडी नेत होते. माणसं अडतात म्हणून नेत होते, पण हाकेला उत्तर देत नव्हते.

मी ओसरीच्या कडेला बसले होते आणि वर बघत नव्हते. वर मोठ्या दाराची चौकट होती आणि चौकटीवर काहीच नव्हतं. नुसता एक खिळा. पाच दिवस मी त्या खिळ्याकडे बघायचं टाळत होते, कारण तो रिकामा मी केला होता.

कोजागिरीला घाटावर दूध आटवतात, चांदण्यात बसतात. आमच्याकडे त्या दिवशी नवं बांधतात. शेतात भात पिवळं झालेलं असतं. त्याच्या तीन लोंब्या, एक नाचणीचं कणीस, कुरडूचं गुलाबी फूल, हे सगळं आंब्याच्या पानात धरायचं आणि केळीच्या खोडाच्या ओल्या सालीने, सोपटाने, बांधायचं. झालं नवं. ते मोठ्या दारावर बांधायचं, मागच्या दारावर, तुळशीला, बावडीच्या रहाटाला, कणगीला, गोठ्यातल्या दावणीला, चुलीच्या वरच्या वाशाला. वर्षभर ज्याने ज्याने घरासाठी काम केलं, त्या प्रत्येकाला एक. आमच्या घरी आणखी दोन लागत: एक वल्ह्याला, एक होडीला. एकूण नऊ. बांधल्याशिवाय नव्या भाताचा दाणा तोंडात घालायचा नाही.

आजो प्रत्येकाला नवं बांधताना त्याच्याशी बोलायचा. बावडीला म्हणायचा, "बावडे, चैतात आटलंस नाय, बरा केलंस." चुलीला म्हणायचा, "चुली, ओली लाकडा घेतलंस, धूर केलंस, पण शिजवलंस. बरा केलंस." वल्ह्याला तर शाबासकी दिल्यासारखा थोपटायचा. मोठ्या दाराशी मात्र तो काय बोलायचा ते मला कधी कळलं नाही. दार उंच, हात वर, सोपटाचं एक टोक दातात धरलेलं. तो पुटपुटायचा आणि ते दातातच राहायचं. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "ता आमच्या दोघांतला." दोघं म्हणजे तो आणि दार, असं मी समजले. दाराला तो राखण करायला सांगत असणार, असंही मी माझ्याच मनाने ठरवून टाकलं. दाराला आणखी काय सांगणार?

आणि त्याचा एक नियम होता. जुनं नवं खाली उतरवायचं ते नवीन हातात घेऊनच. जुनं काढलं आणि दार रिकामं राहिलं, असं एक क्षणही होता कामा नये.

त्या वर्षी भाद्रपदात आजोच्या छातीत कफ साठला. नवरात्रात तो खाटेवर होता. दसऱ्याच्या दुपारी मी त्याच्या पायाशी बसले होते तेव्हा म्हणाला, "शेवंते, पुनव पाच दिसांर इली. जुनी काढूची आसत. याद कर माका."

"मी काढू?"

"माझ्याबरोबर."

मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, काम आधीच उरकून ठेवलं तर आजो उठेल, बघेल आणि म्हणेल, चेडवाने बरं केलं. काम झालेलं दिसलं की आजारी माणसाला उठावंसं वाटतं, असा माझा हिशेब. आई मागे गाईकडे होती. मी पाण्याचा रिकामा हंडा दारात पालथा घातला, त्यावर चढले आणि मोठ्या दारावरचं जुनं नवं ओढून काढलं. मग एकेक करत सगळी नऊ काढली. ती ओच्यात घेऊन आजोला दाखवायला गेले तर त्याला झोप लागली होती. उद्या दाखवू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजो गेला.

त्या सकाळी माणसं त्याला त्या दारातून बाहेर नेत असताना मी चौकटीकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. राखणदार मी काढून घेतला होता. एक रात्र दार रिकामं राहिलं होतं, आणि तेवढीच रात्र पुरली होती.

मी कुणालाही सांगितलं नाही. नऊच्या नऊ नवी ओच्यात घालून खाली गेले आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेखाली, एक फळी सैल होती तिच्या आत कोंबली. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. रडणाऱ्या घरात चौकटीकडे कोण बघतो? पण पुनवेच्या दिवशी सगळ्यांची मान आपोआप वर जाणार, हे मला ठाऊक होतं.

गेलीही. सकाळी आई अंगण झाडता झाडता थांबली. वर बघून म्हणाली, "जुना खंय गेला गो? वाऱ्यान उडाला काय?" मी म्हटलं, "माका काय ठावक." आई म्हणाली, "असांदे. हे वर्सा तसोय नवा नाय."

नाहीच होतं. सुतक होतं. सुतकातल्या हाताने नव्या धान्याला शिवायचं नाही. आणि आमची वाडी म्हणजे एकच भावकी, सगळी घरं तारींची, सगळ्यांनाच सुतक. उभ्या वाडीत त्या दिवशी नवं बांधू शकेल असा एक हात नव्हता. इतरांच्या दारांवर निदान मागच्या वर्षीचं वाळकं तरी होतं. उघडं दार आमचं एकट्याचं. मला वाटायला लागलं होतं की आता हे वर्षभर असंच राहणार, आणि या दारातून आणखी कुणाला नेतील. आजी तर आधीच जेवत नव्हती.

बाबा होडी घेऊन परत आले तेव्हा त्यांच्यामागून उतार चढत भागी कुंभारीण आली. मघाची हाक तिचीच. भागी साठीची असेल. काळी, सडपातळ, डोक्यावर नेहमी मडक्यांची पाटी आणि तोंडात नेहमी कुणाची तरी खोडी. आजोची आणि तिची होडीत रोज जुंपायची. "तुझी मडकी फुटकी," तो म्हणायचा. "तुझी होडी फुटकी, म्हणान माझी मडकी फुटतत," ती म्हणायची. आज पाटीत मडकी नव्हती. ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं.

तिने पाटी अंगणात ठेवली, फडकं काढलं. आत भाताच्या पिवळ्या लोंब्या, नाचणी, कुरडू, आंब्याची पानं. केळीची सोपटं पाण्यात भिजवून आणलेली.

आई घाबरून दारात आली. "भागये, ह्या काय हाडलंस? आमका सुतक आसा, तुका ठावक नाय?"

"ठावक आसा. मी काय आज जल्माक इलंय?"

"मगे?"

"सुतक तुमच्या हातांका. माझ्या हातांका खंय आसा? मी कुंभार, तुम्ही तारी. माझो हात मोकळो. मी बांधतंय आणि जातंय."

"असा कोण करता काय?"

"करता," भागी म्हणाली. "तुझो सासरो करी."

बाबा पायरीवर बसता बसता थांबले.

"माझो घो गेलो तेव्हा तीन दिसांर पुनव होती," भागी सांगायला लागली. सांगताना ती पाटीतल्या लोंब्या उगाच सारख्या करत होती. "आमच्या वाडीतसुद्धा सगळी भावकी. कोण बांधतलो? मी आपली बसलंय कोपऱ्यात. बघतंय तर ह्यो तारी सकाळीच दारात उभो. हातात नवा. म्हणालो, 'भागये, तुझा चाक वर्सभर फिरला, तुझी भट्टी पेटली, त्येंका कोण बरा म्हणतलो? सुतक तुका आसा, चाकाक नाय.' आणि बांधून गेलो. चाकाक, भट्टीक, दाराक. पाणीसुद्धा घेऊक नाय."

"आमका कधी सांगल्यानी नाय," बाबा म्हणाले.

"कित्याक सांगतलो? तुझी आवस विचारीत होती, एवढो वेळ खंय होतास. म्हणालो, होडीक भोक पडला होता."

आतून, अंधारातून, आजीचा आवाज आला. पाच दिवसांत पहिल्यांदा. "त्या वर्सा होडीक भोक पडलाच नाय. माका तेव्हाच संशय इल्लो."

बाबांच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं.

आजी काही पुढे बोलली नाही. पण तिने नकोही म्हटलं नाही, आणि भागीला तेवढं पुरलं. ती माझ्याकडे वळली. "चल गो. पयली होडी. होडीची गाठ माका जमणा नाय. माझी गाठ दोन दिसांत सुटता, तुझ्या आज्याची वर्सभर पाण्यात रवता. तू त्येच्याकडे शिकलंस मा?"

शिकले होते. आजोने मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं, होडीतच. तो मागच्या फळीवर, मी समोरच्या फळीवर, समोरासमोर. तो करेल तसं मी करायचं. त्यात एक गंमत झाली होती. मी आरशात बघितल्यासारखी शिकले. आजोचं सोपट तीन वेढे घेत उजवीकडे चढायचं, माझं डावीकडे. आजी मला "उलटी शेवंती" म्हणायची. आजो म्हणायचा, "वेढो उलटो, पण घट्ट आसा ना? मगे झाला." मोठ्या दाराला आणि होडीला त्याचं लागायचं, गोठ्याला आणि मागच्या दाराला माझं. लांबून बघूनसुद्धा कुणाचं कुठलं ते ओळखता यायचं.

आम्ही खाली गेलो. भरती संपून पाणी उतरायला लागलं होतं आणि होडी अर्धी चिखलात टेकली होती. भागी मागच्या फळीवर बसली. मी समोर. ती आजोच्या जागेवर बसली आहे हे मला आवडलं नाही.

"सांग आता."

"पान घे. त्यात लोंब्यो धर. आता सोपट खालसून..."

"असा?"

"नाय, बोटाखालसून."

"खंयच्या बोटाखालसून? दहा आसत माका."

"अंगठ्याच्या. आता वेढो दी. घट्ट. नाय, सुटला."

"तोंडान सांगून मडकासुद्धा होना नाय," भागी वैतागली. "करून दाखव."

"माका शिवूक होया नाय."

"नवीन भाताक शिवू नको. गवत घे, पेंढो घे. जुना कायतरी घे."

जुनं. माझे हात मांडीवर तसेच राहिले. होडीत ना गवत होतं ना पेंढा. काठावर नुसता चिखल. आणि माझ्या टाचेपासून हातभर अंतरावर, त्या सैल फळीखाली, वाळक्या लोंब्यांची नऊ नवी होती.

"काय झाला गो?"

भागी थांबली. तिला थांबता येतं हे मला माहीत नव्हतं. पाणी होडीखालून चुळुक चुळुक करत सरकत होतं. शेवटी मी उठले, वाकले, फळी उचकटली आणि सगळी बाहेर काढून तिच्या पायांशी ठेवली.

तिने मोजली नाहीत. एक उचललं, बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मी काढलंय," मी म्हटलं. "दसऱ्याक. आजो म्हणालो होतो नवीन हातात असल्याशिवाय काढू नको. मी काढलंय. रातभर दार रिकामा होता. म्हणान तो..." पुढचं येईना. पाच दिवस मी रडले नव्हते. सगळे म्हणत होते, चेडू लहान आहे, हिला कळत नाही. आता नाकातोंडातून एकदमच आलं.

भागीने मला जवळ घेतलं नाही. ती पाच दिवसांच्या सुतकातल्या मुलीला शिवली असती तर तिला परत आंघोळ करावी लागली असती आणि नवं राहिलं असतं. ती बसल्या जागी म्हणाली, "शेवंते. इकडे बघ. माझो घो गेलो तेव्हा माझ्या दाराक जुना नवा होता. तुझ्या आज्यान बांधला नव्हता, माझ्याच घोवान बांधला होता. दोन गाठी मारून. तरी गेलो."

मी बघत राहिले.

"खिळ्याक टांगलेल्या तीन लोंब्यो काय पोलीस आसत?" ती म्हणाली. "नाक पूस. आणि दाखव. उन्हान माझी सोपटा सुकतत."

मी नाक पुसलं. एक जुनं नवं सोडवलं, वाळक्या लोंब्या सारख्या केल्या, त्यांना शिवायला हरकत नव्हती. ओलं सोपट घेतलं. आणि समोर बसून दाखवायला लागले. पान असं. अंगठा इथे. खालून वर, एक वेढा, दोन, तीन, मग टोक करंगळीभोवती फिरवून मधून बाहेर. "ओढ. अजून ओढ. कुरडू मोडना नाय, भिया नको." ते वाक्य तोंडातून गेलं आणि मी दचकले. ते आजोचं होतं. अगदी त्याच चालीवर.

भागीच्या हातात मातीचं काम होतं. एकदा डोळ्यांनी पाहिलं की तिच्या बोटांना कळायचं. दुसऱ्याच खेपेला तिची गाठ बसली. तिने ती पुढे धरली. "जमला मा?"

मी बघितलं. सोपट तीन वेढे घेत उजवीकडे चढलं होतं.

मी माझं वाळकं शेजारी धरलं. माझं डावीकडे. तिचं उजवीकडे. ती समोर बसून शिकली होती, मी आजोसमोर बसून शिकले होते तशीच. उलटं परत उलटं झालं होतं. हे मला तिथे होडीत बसून हळूहळू कळलं. पुढे माझ्या मुलीला नवं बांधायला शिकवायची वेळ आली तेव्हा मी तिला शेजारी बसवलं नाही, समोर बसवलं. ती अजून विचारते, "असं का गं?" तिचा वेढा उजवा चढतो. तिच्या मुलीचा माझ्यासारखा.

"चुकला काय?" भागीने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "बांध."

तिने ते होडीच्या नाळेला बांधलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तो कायतरी बोलायचो मा? माझ्या भट्टीक पण बोललो. ता तू बोल. तोंडाक सुतक नसता."

मी होडीला म्हटलं, "होडी, सगळ्यांका पार केलंस. बरा केलंस." आवाज जेमतेम निघाला. वर घरात येऊन वल्ह्याशी बोलले तेव्हा बरा निघाला. मग एकेक करत पुढे. बावडी, तुळस, दावण, कणगी. भागी बांधायची, मी दोन हात मागे उभी राहून बोलायची. मागच्या दाराला भागीने पुढे केलेलंसुद्धा उजव्या वेढ्याचं. तिथे नेहमी माझं असायचं. चुलीपाशी आईने पदर तोंडाला लावला आणि बाजूला झाली.

मोठं दार राहिलं. भागीचा हात पोचेना. बाबांनी मागून तोच पाण्याचा हंडा आणला आणि दारात पालथा घातला. भागी कुरकुरत चढली. सोपटाचं टोक तिनेही दातात धरलं, दुसरा इलाजच नव्हता. गाठ मारून उतरली, हंडा बाजूला सारला आणि म्हणाली, "बोल."

मला या दाराचे शब्द माहीत नव्हते.

"बोल गो."

"माका ठावक नाय. ता तेंच्या दोघांतला होता."

आत बांगड्यांशिवायच्या हाताने भिंत धरल्याचा आवाज झाला. आजी उठली होती. पाच दिवसांत कोपरा सोडून ती पुढच्या दारात आली नव्हती. ती आली, उंबऱ्याच्या आत थांबली आणि वर बघितलं. बराच वेळ बघितलं. डोळे अधू होते तिचे, पण वेढा कुणाचा ते लांबूनही ओळखू येत असे, मी सांगितलंच आहे.

"ह्या कोणी बांधल्यान?"

"मी," भागी म्हणाली.

"उजवो वेढो."

"तुझ्या नातीन दाखवल्यान."

"ही तर डावो घालता." आजीने माझ्याकडे पाहिलं, मग भागीकडे, मग पुन्हा वर. आणि ती तिथेच उंबऱ्याला टेकून खाली बसली.

मला राहवलं नाही. "आजी, जुना मीच काढला होता. दसऱ्याक. वाऱ्यान नाय."

"ठावक आसा."

"तुका?"

"खाटेवरसून दार दिसता. तू हंड्यार चढलंस तेव्हा तो जागो होतो." ती अजून वरच बघत होती. "हसलो. म्हणालो, 'बघ गो, माझ्यापेक्षा हिका घाई. हंडो चेपवतली.' मी तुका ओरडाक उठलंय तर म्हणालो, 'रवांदे. पडना नाय ती.' तू सगळी गोळा करून इलंस तेव्हा डोळे मिटून घेतल्यान. तुका वाटूक होया होता, कोणी बघूक नाय म्हणान."

बाबा अंगणाच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"त्यानंतर तो हसूक नाय," आजी म्हणाली. "ता शेवटचा."

भागीने पाटीवर फडकं घातलं, उगाच परत काढलं. मग आजीने उंबऱ्यावर हात ठेवला. लाकडावरून तो एकदा फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि दाराशी बोलली. मोठ्याने नाही, पण तिच्या दातात सोपट नव्हतं. त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"दारा, पाण्यात गेलेलो माणूस रोज सांजेक परत हाडलंस. चाळीस वर्सा हाडलंस." ती थांबली. "बरा केलंस."

मी चौकटीकडे बघत होते. दोघांतलं म्हणजे कुठल्या दोघांतलं, ते मला तेव्हा समजलं. दाराला त्याने राखायला कधी सांगितलंच नव्हतं.

"ओ तारीऽऽ!"

पलीकडे कुणीतरी उभं होतं. पाणी उतरत चाललं होतं, अजून थोडा वेळ गेला असता तर होडी पुरती चिखलात रुतली असती. बाबांनी बाहीने तोंड पुसलं. मग छाती भरून घेतली आणि त्यांच्या तोंडून आजोएवढा मोठा नाही, फाटका, पण आवाज निघाला.

"इलोऽऽ!"

"चल भागये, तुकाय सोडतंय," म्हणत ते वल्हं घ्यायला घाईघाईने ओसरी चढून दारातून आत शिरले. उंच माणूस. बाहेर पडताना त्यांचं डोकं वरच्या लोंब्यांना लागलं आणि भाताचे दोन दाणे उंबऱ्याबाहेर, माझ्या पायांपुढे पडले. पिवळे, टपोरे. माझा हात आपोआप खाली गेला.

"शिवू नको," आजी म्हणाली. "सुतक आसा अजून सात दिस."

मी हात मागे घेतला. उंबरा ओलांडून आजीशेजारी जाऊन बसले, आणि आम्ही दोघी आतून त्या दाण्यांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने एक चिमणी आली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही दाणे उचलून नेले. तिला कुणाचं सुतक नव्हतं.